जागा दिसते मोकळी, पण…

टेंट उभा करणं हे काही फार अवघड काम नाही. यूट्यूबवर कोणीही दाखवतं, दोन रॉड क्रॉस करा, चार कोपऱ्यांत अडकवा, वरून कव्हर टाका, झालं. पण तो टेंट नेमका कुठे लावायचा हे मात्र कोणी दाखवत नाही. व्हिडिओ सुरू होतो तेव्हा तो माणूस ऑलरेडी एका मस्त सपाट हिरव्या जागेवर उभा असतो, मागे तळं, बाजूला एक शहाणं झाड, आणि आसपास चिटपाखरू नाही. ती जागा त्याला कशी मिळाली, त्याआधी त्याला कुठून कुठून उठवलं, आणि त्याची बायको सध्या त्याच्याशी बोलतेय का, हे सगळं एडिट करून टाकलेलं असतं. म्हणून म्हटलं आपण लिहावं.

आमच्याकडे टेंट आले ते धाकट्या दिरामुळे. कुठल्यातरी ऑनलाइन सेलमध्ये त्याने एक घेतला, दुसरा अर्ध्या किमतीत होता म्हणून तोही घेतला, आणि मग दोन्ही माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी पडून राहिले. बॉक्सवर लिहिलंय चार माणसांचा. ही चार माणसं कोणी मोजली देव जाणे, आमच्या घरातली दोन माणसं आणि एक उशी आत गेली की हाउसफुलची पाटी लावायची वेळ येते. डिसेंबरात शाळांना सुट्ट्या लागल्या आणि धाकट्या जावेने जाहीर केलं की ह्या वेळी रिसॉर्ट बिसॉर्ट नको, पोरांना जरा खरा निसर्ग दाखवू. नवरा तर आनंदाने वेडाच झाला, कारण कॉलेजात केलेल्या ट्रेकच्या गोष्टींना घरात गिऱ्हाईक उरलं नव्हतं ते आयतं मिळालं. मी फक्त विचारलं की संडासाचं काय. ह्या प्रश्नाला आमच्या घरात "तू नेहमी निगेटिव्हच बोलतेस" असं छापील उत्तर आहे.

आणि मग मावशी. म्हणजे नवऱ्याची मावशी, वय सत्तरच्या घरात, गुडघे सोडले तर बाकी सगळं शाबूत. तिला कोणी विचारलंच नव्हतं. ती स्वतःच म्हणाली, "मी येणार. आम्ही लहानपणी उन्हाळाभर अंगणातच झोपायचो, आम्ही काय त्याला कॅम्पिंग म्हणत होतो का?"

ठिकाण ठरलं भंडारदरा. पवनेला जायचं नाही ह्यावर एकमत होतं, तिकडे शनिवारी रात्री तळ्याकाठी जेवढे टेंट लागतात तेवढे आमच्या सोसायटीत फ्लॅट नाहीत. भंडारदरा कसं, ठाण्याहून निघायचं, कसारा घाट, इगतपुरी, घोटीला वळायचं, बारीवरून शेंडी, की पोचलो. बारी म्हणजे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव, शिखराची उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच, आणि ते गाडीतून दिसलं की आपण ते कधी, कोणाबरोबर आणि कसल्या चपला घालून चढलो हे नवऱ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी "हो का" म्हणायचं अशी आमच्याकडे पद्धत आहे. जावेने मध्येच विचारलं, "काजवे दिसतील ना तिकडे?" आता काजवे मे संपता संपता, पावसाच्या तोंडावर. डिसेंबरात कुठले काजवे. ती म्हणाली, थोडे तरी असतीलच की.

तर जागा. नवऱ्याने ऑफिसात बसून सॅटेलाइट मॅपवर खूप संशोधन केलं होतं. धरणाच्या पाण्यात जिभेसारखी आत गेलेली एक जमीन त्याने शोधली होती, तिन्ही बाजूंनी पाणी, वर मऊ हिरवं काहीतरी, घर नाही, शेत नाही, माणूस नाही. त्याने पिन टाकली आणि फॅमिली ग्रुपवर "आपली जागा" असं लिहून पाठवली. दिराने त्यावर अंगठा दिला, मावशीने हात जोडले, आणि एवढ्यावर जागेचा विषय संपला असं समजून आम्ही निघालो.

पिनच्या जवळ पोचलो तर मॅप म्हणतोय अजून दोनशे मीटर सरळ. सरळ पाणी होतं. निळंशार, छान, हलकंसं लाटाबिटा येणारं पाणी. नवरा फोन उलटा करून बघतोय, सुलटा करून बघतोय, लोकेशन बंद करून परत चालू करतोय. तिथे शेरडं घेऊन एक पोरगा उभा होता, त्याला विचारलं अरे इथे ती जमीन होती ना आत गेलेली. तो म्हणाला, "ती ना? ती होळीनंतर निघती वर. होळीनंतर या."

म्हणजे त्याचं असं आहे. हे धरण इंग्रजांनी प्रवरेवर बांधलं, १९२६ साली पुरं झालं, ह्यात साधारण ११ टीएमसी पाणी मावतं. बऱ्याच वर्षी पंधरा ऑगस्टच्या आगेमागे ते काठोकाठ भरतं आणि मग खालच्या अकोले-संगमनेर-श्रीरामपूरकडच्या शेतांसाठी एकेक आवर्तन सुटत जातं तसं तसं पाणी खाली उतरतं. त्यामुळे ह्या तळ्याला किनारा असा फिक्स नाहीच, तो ऑगस्टात रस्त्यालगत असतो आणि मे महिन्यात पार खाली दरीत. नवऱ्याच्या मॅपमधला फोटो उन्हाळ्यातला होता. हे त्याला मान्य नाही, त्याच्या मते ह्या वर्षी पाणी जास्त आहे.

पहिली जागा अशी बुडाल्यावर दिराने हळूच सुचवलं की मगाशी येताना एक रेडीमेड कॅम्प दिसला, तिकडे विचारून तर बघू. बघितलं. टेंटच्या तीन रांगा, मधून पॅसेज, प्रत्येक दारावर बल्ब, एका कोपऱ्यात बार्बेक्यूचा धूर आणि दुसऱ्या कोपऱ्यात एक मुलगा "हॅलो, हॅलो, चेक" करत स्पीकरशी खेळत होता. पोरं खूश. मी आणि जाऊ एकमेकींकडे बघून गप्प, कारण मागच्या बाजूला चार पक्के संडास होते, टाइल्स लावलेले, दरवाज्याला आतून कडी. नवरा गाडीतून उतरलाच नाही. म्हणाला, ह्याला कॅम्पिंग म्हणत नाहीत, ही कापडाची चाळ आहे. गाडी निघाली तेव्हा मी मागच्या काचेतून त्या टाइल्सकडे वळण येईपर्यंत बघत होते.

मग सुरू झाली ती खरी प्रदक्षिणा. धरणाच्या भोवतीने रस्ता आहे, मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी असा गोल जातो. त्यातला बराचसा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासूनचं अभयारण्य, तेव्हा मनाला येईल तिथे जंगलात खुंट्या ठोकता येत नाहीत. नाक्यावरच्या माणसाने पावती फाडली आणि चांगल्या शब्दात सांगितलं, जंगलात नाही लावायचा, गावात कोणाला तरी विचारून लावा. नवऱ्याने विचारलं गाव कुठे संपतं आणि जंगल कुठे सुरू होतं. तो म्हणाला, "दिसंल की तुम्हाला." आम्हाला शेवटपर्यंत दिसलं नाही.

आम्ही ठाण्यात फ्लॅट घेतला तेव्हा जे जे झालं ते सगळं इथे परत झालं, फक्त बिल्डर नव्हता. दिराला व्ह्यू पाहिजे. जावेला पार्किंगपासून जवळ पाहिजे, कारण पोराची दुधाची बाटली गाडीत. नवऱ्याला प्रायव्हसी पाहिजे, म्हणजे दुसरा टेंट नजरेला पडता कामा नये. मावशीला पूर्वेला दार. मला काय पाहिजे ते वर सांगून झालंय. आणि इथे तर फ्लॅटपेक्षा अवघड, तिथे निदान सँपल फ्लॅट दाखवतात.

मुरशेतच्या पुढे पाण्याच्या कडेला एक पट्टा दिसला, काळीभोर ओलसर माती, त्यावर कोवळं हिरवं बारीक गवत. जीव हरखला सगळ्यांचा. नवऱ्याने खुंटीची पिशवी काढली, एक टोक टेकवलं, हातोडी उचलली, एवढ्यात वरून रस्त्यावरून एक गृहस्थ ओरडले, "ओ दादा, हरभरा हाये तो!" पाणी उतरलं की खालची गाळाची जमीन उघडी पडते, तिच्यावर लोक रब्बीचं पेरतात, गाळपेर म्हणतात त्याला. आम्ही ज्याला लॉन समजलो ते त्या माणसाचं पीक होतं. ते गृहस्थ रागावले वगैरे नाहीत, उलट म्हणाले पुढं जाशाल तर सपाट जागा मिळंल, जवळच हाये. हे "जवळच हाये" प्रकरण फार जपून घ्यायला लागतं. गावातल्या माणसाला जवळ म्हणजे तो चालत जातो तेवढं. आपल्याला जवळ म्हणजे लिफ्टपासून गेटपर्यंत.

पुढे गेलो. पुढे सडा होता, उघडा काळा कातळ, आणि त्यावरून समोर अलंग, मदन, कुलंग हे डोंगरी किल्ले ओळीने उभे. व्ह्यू म्हणजे असा की दीर गप्पच बसला, तो असा गप्प बसलेला मी लग्नात पण बघितला नव्हता. पण कातळात खुंटी जाते कुठे. पहिली वाकली, दुसरी उडाली आणि कुठे गेली ते सापडलंच नाही, तिसरीचं डोकं चपटं झालं. नवरा म्हणाला दगड ठेवू कोपऱ्यांवर. दगड उचलायला गेला आणि जसा उचलला तसाच सावकाश परत ठेवला, आणि आम्हाला म्हणाला चला, इथे वारा जास्त आहे. खाली काय होतं हे विचारलं तर आजतागायत सांगत नाही, पण नांगी होती एवढं पोराने बघितलं.

मग एक झाड दिसलं. मोठं आंब्याचं, खाली जमीन एकदम साफ, गुळगुळीत, दगड नाही की काटा नाही. मी म्हटलं हीच. आता मला सांगा, जंगलात एका झाडाखालचीच जमीन आपोआप झाडलोट केल्यासारखी का असेल, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. मावशीला पडला. तिने बुंध्याच्या मागे जाऊन बघितलं आणि तिकडूनच "चपला काढा रे आधी!" अशी हाक मारली. मागे शेंदूर लावलेला देव, वाळलेला नारळ, दोन उदबत्त्यांच्या काड्या. मावशीने नमस्कार केला, पोरांना करायला लावला, दहाची नोट ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर खडा ठेवला, आणि मग म्हणाली आता निघा. आणि देव नसता तरी जमलं नसतं म्हणा, कारण दुपारभर गावची सगळी गुरं त्याच सावलीत बसतात, त्याचे पुरावे जाऊच्या नव्या कोऱ्या शूजला लागले होते.

साम्रदच्या अलीकडे एक उतार बरा वाटला. फार नाही, जरासाच उतार. टेंटमध्ये उतारावर झोपायचं तर डोकं चढाकडे पाहिजे, नाहीतर रात्रभर रक्त डोक्यात, हे नवऱ्याला ट्रेकमुळे माहीत. डोकं चढाकडे म्हणजे उत्तरेला. पाय दक्षिणेला. मावशी म्हणाली दक्षिणेकडे पाय करून मी झोपणार नाही, ती यमाची दिशा. नवरा म्हणाला मग आडवे झोपू. आडवे झोपलो तर सगळे गडगडत खालच्याच्या अंगावर, आणि सगळ्यात खाली कोण ह्यावर दोन्ही भावांत चर्चा सुरू झाली. दीर म्हणाला वहिनी, तुम्ही सांगा. मी सांगितलं की मला भूक लागलीये.

एव्हाना साडेपाच झाले असतील. डिसेंबरात डोंगरामागे सूर्य गेला की लगेच अंधारायला लागतं, आणि थंडी अशी एकदम अंगावर येते की स्वेटर डिकीत कुठल्या बॅगेत आहे ह्यावरून घरोघरी होतात तशी भांडणं आमच्यात पण झाली. अशात एका वळणावर ती जागा आली. खरी सपाट. अगदी बिलियर्डच्या टेबलासारखी. माती दाबून बसलेली, गवत कापलेलं, आकार लांबट. आम्ही गाडी थांबवून टाळ्या वाजवल्या, खोटं नाही सांगत, टाळ्या. मग दीर खाली उतरून चालत गेला आणि त्याला मधोमध तीन काठ्या रोवलेल्या दिसल्या, आणि झाडीतून सात-आठ पोरं बाहेर आली, त्यातल्या एकाच्या हातात बॅट. "काका, म्याच चालूये. बॉल गेला होता." नवऱ्याने विचारलं अंधार पडल्यावर तर संपेल ना, आम्ही रात्री झोपू, सकाळी लवकर उठून जाऊ. कॅप्टन असावा तो पोरगा, त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "खेळपट्टीवर नाय झोपायचं. उद्या साम्रदची टीम येनारे." त्याच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो मी फक्त टीव्हीवर क्युरेटरच्या चेहऱ्यावर बघितलाय. आम्ही सॉरी म्हणून निघालो.

त्या दिवशी मला जे कळलं ते एवढंच, की सह्याद्रीत सपाट असं मुळात काही नसतंच. इथला डोंगर कडा देतो, उतार देतो, कातळ देतो, सपाट जागा देत नाही. जे सपाट दिसतं ते कोणीतरी सपाट केलेलं असतं. भाताची खाचरं बघा, उतारावर बांध घालून घालून एकेक पायरी केलीये पिढ्यानपिढ्या, भात कापल्यावर ती रिकामी दिसतात पण खाली धसकटं अशी टोकदार उभी असतात की टेंटचा तळ चाळणी होईल. घरापुढचं अंगण, गुरांचा गोठा, देवाचा पार, पोरांची पिच, सगळं हाताने केलेलं. मॅपवर जागा रिकामी दिसतेय म्हणजे एवढंच समजायचं की मालक जेवायला गेलाय.

मध्ये एक दगड लागला, रस्त्याच्या कडेला, त्याच्यावर दोन माणसं उभी राहून मोठमोठ्याने फोनवर बोलत होती आणि तिसरा खाली नंबर लावून उभा होता. तिथेच तेवढी रेंज येते. दिराने पण नंबर लावला, त्याला ऑफिसात "मी रेंजमध्ये नाहीये" असं कळवायचं होतं.

शेवटी, म्हणजे हेडलाइट लावून, एका वाडीच्या टोकाला एक घर दिसलं आणि घराच्या बाजूला, जरा उंचावर, एक गोल जागा. शेणाने सारवलेली. वाटीसारखी स्वच्छ. मधोमध एक लाकडी खांब रोवलेला. आतापर्यंत आम्ही शहाणे झालो होतो, आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत, सरळ दाराशी जाऊन हाक मारली. आतून एक आजी आल्या, काष्टी नेसलेल्या, कपाळावर गोंदण, हातात बॅटरी. बॅटरी एकेकाच्या तोंडावर मारून त्यांनी आमची हजेरी घेतली. मावशीवर जरा जास्त वेळ ठेवली.

"कुठले तुम्ही?"

"ठाण्याचे, आजी."

"ठाण्यात घर नाही का?"

"आहे की, स्वतःचं आहे."

"मग हितं बाहेर का निजता?"

ह्या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं. नवरा निसर्ग म्हणाला, दीर अनुभव म्हणाला, जाऊ म्हणाली पोरांना दाखवायचं होतं. आजींनी ऐकून घेतलं आणि मावशीकडे बघितलं. मावशी म्हणाली, "मी काय सांगू बाई, मला विचारून कोण करतंय."

ते खळं होतं, नागलीच्या मळणीचं, नागली म्हणजे आपली नाचणी. मधला तो खांब म्हणजे तिवडा, त्याच्याभोवती बैल फिरवतात. आजी झोपायला देणार होत्या पण अटी होत्या. खळ्यात चपला घालून यायचं नाही. खळ्याला खिळे ठोकायचे नाहीत, सारवलेलं फुटतं. खळ्यात सांडासांड करायची नाही. आणि सकाळी ऊन चढायच्या आत खळं मोकळं पाहिजे, नागली मळायचीये. फ्लॅटच्या ॲग्रीमेंटला चाळीस पानं होती, त्यातलं मला एक कलम आठवत नाही, हे मात्र सगळं पाठ झालं.

मग अनवाणी, डिसेंबरच्या थंडीत, शेणाच्या गार पडलेल्या जमिनीवर, मोबाइलच्या उजेडात दोन टेंट लागले. खुंट्या नाहीत, म्हणून दोऱ्या तिवड्याला बांधल्या. तरी हलकेच राहिले, तेव्हा आजींच्या मुलाने आतून दोन पोती आणली आणि म्हणाला टेंटमध्ये ठेवा, वजन राहील. म्हणजे आधीच दोन माणसं आणि एक उशी ह्यात हाउसफुल होणाऱ्या टेंटमध्ये आता नागलीचं एकेक पोतं. मावशी हे सगळं उंबऱ्यात बसून बघत होती. आजींनी तिला गुडघ्याचं विचारलं, तिने आजींना गुडघ्याचं विचारलं, कुठलं तेल, कुठला पाला, कधी दुखतं, बसताना की उठताना, आणि जेवणं होईपर्यंत मावशीचं अंथरूण आत चुलीजवळ पडलेलं होतं. जी बाई आम्हाला अंगणात झोपायच्या गोष्टी सांगत आली होती ती घोंगडी पांघरून घरात, आणि आम्ही अंगणात.

जेवण मात्र काय सांगू. नागलीची गरम भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा आणि कांदा फोडून. आमचा मोठा जो घरी भाकरी बघितली की पोट दुखतं म्हणतो त्याने दीड खाल्ली. जेवणाचे पैसे आजींच्या मुलाने घेतले, रीतसर, खळ्याचे घेतले नाहीत. म्हणाला खळ्याचं काय घ्यायचं, ते आईचं आहे, तिलाच विचारा. आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या बघू सकाळी.

रात्री अकराच्या सुमारास मला कळलं की खळं उंचावर का असतं. मळणी झाली की धान्य उफणायचं असतं, सुपाने वरून धार सोडायची आणि वाऱ्याने फोलपट उडून गेलं पाहिजे. त्यासाठी गावात जिथे सगळ्यात चांगला वारा लागतो ती जागा शोधून खळं करतात. आजींच्या सासऱ्यांनी ही जागा अगदी बघून बघून निवडली असणार, माणसाला वाऱ्याची जाण होती हे मान्य केलंच पाहिजे. रात्रभर आम्हाला उफणलं. टेंटची एक बाजू पोटात येऊन लागायची, मग दुसरी पाठीला. दिराचा टेंट तर एकदा एका बाजूने पूर्ण उचलला गेला, फक्त पोत्याच्या बाजूने जमिनीला होता, आणि आतून जावेचा आवाज आला, "तू पण पोत्याकडे सरक ना." खाली वाडीत सगळं शांत होतं, घराघरांना आडोसा होता, कारण माणसांनी झोपायची जागा वेगळी निवडली होती आणि उफणायची वेगळी.

आणि रात्रीचा दुसरा विषय, जो मी सकाळपासून काढत होते, त्यावर आता सगळ्यांचंच एकमत झालं, पण अंधारात, अनवाणी, बॅटरी घेऊन खळ्याखाली उतरायचं, चपला कोणाच्या कुठल्या कळायला मार्ग नाही, आणि आजींचं कुत्रं प्रत्येक वेळी सोबतीला. नवऱ्याने मला मध्यरात्री परत येताना गाठून हळूच विचारलं की तो टाइल्सवाला कॅम्प किती लांब असेल इथून. मी म्हटलं, जवळच हाये.

सकाळी कोंबडा आणि आजी एकदमच उठल्या. टेंटच्या आतून दवाचं पाणी टपकत होतं, पोत्याला टेकून झोपल्यामुळे माझ्या गालावर तागाची नक्षी उठली होती, समोर रतनगडावर ऊन आलेलं, तो बघायला मात्र कोणालाच फुरसत नव्हती, कारण खाली बैल येऊन उभे होते. दहा मिनिटांत, घरी कधी होत नाही अशा शिस्तीत, आम्ही टेंट गुंडाळले. मावशी चुलीजवळून चहाचा कप घेऊन बाहेर आली, केस विंचरलेले, झोप झालेली, म्हणाली काय छान जागा आहे रे, बाळा, तुला चांगली सापडली.

नवऱ्याने पाकीट काढलं, आजी, खळ्याचं काय द्यायचं. आजींनी पाकिटाकडे बघितलंच नाही. कुडाला टेकवलेला खराटा उचलला आणि त्याच्या हातात दिला. तो एक क्षण त्या खराट्याकडे असा बघत राहिला की मला फोटो काढायचा मोह आवरेना, लग्नाला इतकी वर्षं झाली पण हे दृश्य मी घरात बघितलेलं नाही. मग वाकला आणि लागला झाडायला. बिस्किटांचा चुरा, कुरकुरेचं पाकीट, पोराचा एक मोजा. आजी तिवड्याला हात लावून उभ्या, बैलवाला थांबलेला, आम्ही सगळे खळ्याच्या कडेने ओळीत. पाच मिनिटांनी त्याने घाम पुसला आणि खराटा परत करायला गेला.

आजींनी घेतला नाही. बोट दाखवलं. "ते कडंचं राह्यलं बघ. आणि पाठीत वाकून मार, असं उभ्यानं नाय निघत."